पेरणी झाल्यावर

आमचा वाडा लढाईच्या पैशातून बांधलेला आहे, असं आमचे आबाजी सांगत. लहानपणी ते ऐकून माझी छाती फुगायची. आपला कोणीतरी खापरपणजा ढाल-तलवार घेऊन लढला असणार, त्याला राजानं इनाम दिलं असणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. शाळेत दोन-चार पोरांजवळ तशी फुशारकीही मारून झाली होती. मग एका संध्याकाळी आबाजी ओट्यावर सुपारी कातरत बसले असताना विचारलं, कोणती लढाई हो आबाजी? ते सुपारीवरची नजर न काढता म्हणाले, "अमेरिकेची."

पुढं कॉलेजात इतिहास वाचला तेव्हा त्या एका शब्दाचा उलगडा झाला. १८६१ साली अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी पेटली. दक्षिणेत गुलामांच्या हातानं कापूस पिकायचा आणि तो इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, गिरण्या कापसावाचून बसल्या आणि इंग्रज व्यापाऱ्यांना एकाएकी हिंदुस्थानच्या कापसाची आठवण झाली. मुंबईत भाव चढत गेले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी तेव्हा बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट जुनी माणसं सांगतात. आमच्या घरात चांदीची धाव कोणी पाहिली नाही, पण वाड्याच्या सागवानी तुळया त्याच चार वर्षांतल्या.

१८६५ मध्ये लढाई संपली आणि भाव कोसळले. मुंबईतल्या बँका, कंपन्या कशा बुडाल्या, प्रेमचंद रायचंदासारखा कोट्यधीश कसा एका रात्रीत खाली आला, हे पुस्तकात सापडतं. खेड्यात काय झालं ते आबाजींकडून ऐकलं. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी पऱ्हाटी पेरली होती. घरात दाणा नाही, पदरात कापूस आणि कापसाला गिऱ्हाईक नाही. "वाडा चार वर्सात उभा रायला, अन सावकाराकून सोडवाले दोन पिढ्या गेल्या," असं म्हणून आबाजी अडकित्ता खाली ठेवत. त्यांना अमेरिकेचा राग नव्हता. अमेरिका त्यांच्या लेखी पावसासारखी होती, आली तर आली, गेली तर गेली.

मला मात्र म्हातारपणी तसं समजता येईना. त्याला कारण झाला संत्रा.

आमचं गाव वरूड तालुक्यात. वरूड-मोर्शीच्या ह्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. कोणी हे नाव ठेवलं देव जाणे, पण भाषणात पुढारी ते फार चवीनं घेतात. खऱ्या कॅलिफोर्नियातही संत्रा होतो आणि कापूसही होतो, एवढं साम्य खरं. माझी सगळी नोकरी अमरावतीला मास्तरकीत गेली. शेती काका पाहतात. वयानं माझ्यापेक्षा बाराच वर्षांनी मोठे, पण काका ते काका. बागेत माझाही हिस्सा आहे. दरवर्षी ते मला हिशेब सांगतात, मी 'बरं' म्हणतो. एवढंच माझं शेतकरीपण.

२०२३ च्या भादव्यात एका व्यापाऱ्यानं आमची आंबिया बहाराची बाग झाडावरच ठरवली आणि इसार दिला. आमचा माल ट्रकानं पार बंगालपर्यंत जातो, पेट्रापोलच्या नाक्यावरून पलीकडं बेनापोलला उतरतो आणि तिथून ढाक्याच्या बाजारात. नागपुरी संत्र्याचा परदेशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. ढाक्याला आमच्यापैकी कोणी गेलेलं नाही, पण तिथं भाव पडला की आमच्या गावातल्या लग्नांच्या तारखा पुढं जातात. त्या साली दिवाळी झाली तरी व्यापारी तोडायला येईना. काकांनी फोन केले. एकदा उचलला तेव्हा तो म्हणाला, माझा इसार बुडाला असं समजा, मला माल नको. बांगलादेशनं कर वाढवलाय. २०१९ च्या सुमारास किलोमागं वीस रुपये असलेला कर वाढत वाढत २०२३ ला ८८ रुपयांवर गेला होता. संत्र्यापेक्षा संत्र्यावरचा कर महाग!

झाडाखाली फळांचा सडा पडत होता. पिकलेला संत्रा थांबत नाही. शेवटी मिळेल त्या भावानं जवळच्या मंडीत घातला. काकांच्या नातीचं लग्न ठरलेलं होतं, ते कर्ज काढून करावं लागलं. मी त्या आठवड्यात गावीच होतो. काका रोज रात्री जेवताना एकच बोलत, "कर लावा ना बाप्पा, लावाचा तं. पन आमी झाडाले पानी देल्लं, फवारे मारले, सालभर पोसलं, अन आता फळ हाती आल्यावर लावता? आधी सांगाचं तं होतं!"

डिसेंबरात, ८ तारखेला, केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. काकांचा नातू मोबाइलवर ते वाचून म्हणाला, "आबाजी, आता आपन बी त्याईचा कांदा बंद केला." काका खूश झाले. "असंच पायजे." पोरगं पुढं वाचत होतं. ते म्हणालं, "पन हे पयल्यांदा नाई. २०१९ ले केला होता, २०२० ले केला होता."

मग मी काढून वाचलं. २०१९ च्या सप्टेंबर अखेरीस भारतानं कांद्याची निर्यात एकाएकी थांबवली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. तिथल्या कार्यक्रमात त्या हसत हसत बोलल्या की मी माझ्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. आणि पुढं, थोडं आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, अशा अर्थाचं काही. सभागृहात हशा झाला म्हणे. तेच वाक्य मी चार वर्षांनंतर आमच्या स्वयंपाकघरात ऐकत होतो, फक्त हसण्याशिवाय.

कांद्याचा सूड म्हणून त्यांनी संत्र्यावर कर लावला, असं आमच्याकडं सर्रास बोललं जातं. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. त्या दोन-तीन वर्षांत बांगलादेशात डॉलरचा तुटवडा होता. फळं ही चैनीची वस्तू ठरवून त्यांनी सगळ्याच परदेशी फळांवर कर वाढवला होता. त्यांचंही त्यांच्यापरीनं बरोबर असणार. दिल्लीवाल्याचंही त्याच्यापरीनं बरोबर असतं, कारण कांदा महागला की शहरातल्या मजुराच्या भाकरीवरचा कांदा जातो. आणि खरं सांगायचं तर कांदा स्वस्त झाला की अमरावतीत पेन्शन खाणारा मीसुद्धा दोन किलो जास्त घेतो. नाशिकच्या शेतकऱ्याचं काय झालं असेल, हे पिशवी भरताना माझ्या मनात येत नाही.

तेव्हा दार बंद करणाऱ्या प्रत्येकाला कारण असतं, हे मान्य. मग काकांच्या तोंडचं ते 'आधी सांगाचं तं होतं' कितपत वजनाचं? ज्याच्यावर आपलं काही चालत नाही, ज्याचं आपण काही लागत नाही, त्यानं आपल्याला आधी का सांगावं? हा प्रश्न मला पुस्तकात सुटला नसता. तो धुऱ्यावरच अडकलेला होता.

आमच्या वावराला लागून एका घरच्या दीड एकराची पट्टी आहे. तिथल्या धन्याला गावच्या नात्यानं आम्ही सगळे मामा म्हणतो. मामांकडं विहीर नव्हती. आमच्या विहिरीला पाणी भरपूर, म्हणजे तेव्हा भरपूर होतं. २०१२ साली काकांनीच त्यांना म्हटलं, "कापूस-तुरीत काय खातं? संत्रा लाव. पानी माह्या हिरीचं घे." कागद नाही, शब्द. मामांनी कर्ज काढून कलमं आणली आणि दोनेकशे झाडं लावली. पाण्याच्या बदल्यात आमच्या संत्र्याचा ट्रक त्यांच्या वावरातून थेट बागेत यायचा, नाहीतर पांदणीनं फार लांबचा फेरा पडतो. दोघांचंही बरं चाललं होतं. व्यापार म्हणतात तो असाच सुरू होत असणार, एकाकडं पाणी आणि दुसऱ्याकडं वाट.

संत्र्याला सातव्या-आठव्या वर्षी खरा जोर येतो. मामांची बाग सातव्या वर्षात आली आणि २०१९ चा उन्हाळा आला. वरूड तालुक्यात पाण्याचा उपसा इतका झालेला की हा भाग 'अतिशोषित' म्हणून सरकारी नकाशात कधीचाच लाल आहे. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. एप्रिलात आमच्या विहिरीनं तळ दाखवला, मोटर दीड तास चालायची आणि सूं करून हवा ओढायची. तालुक्यात बागाच्या बागा वाळत होत्या. एका सकाळी काकांनी मामांच्या बाजूचा वॉल्व्ह बंद केला.

त्या आधी आदल्या रात्री त्यांनी मला फोन केला होता. म्हणाले, "पानी पुरत नाई. त्याचं बंद करावं लागते. तुह्यं काय म्हननं?" मी कुठल्याशा लग्नाला निघालो होतो, बाहेर गाडी उभी होती. म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. हे मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही. मामा अजूनही मला भेटले की म्हणतात, "तू असता गावात तं असं झालं नसतं." मी मान हलवतो.

मामांची निम्म्याहून जास्त झाडं वाळली. आमची बहुतेक वाचली. पावसाळ्यानंतर मामांनी बोअर खणलं, तेही कर्जानंच, आणि वावराला काटेरी तार ओढली. ट्रकाची वाट बंद. तेव्हापासून आमचा माल ट्रॅक्टरनं पांदणीनं रस्त्यावर न्यावा लागतो, चिखल असला तर तेही नाही, आणि व्यापारी बागेचा भाव करताना तेवढे पैसे कापून घेतो. काका म्हणतात, मामा खुनशी आहे. मामा म्हणतात, मी माझ्या वावराला तार ओढली, कोणाच्या बापाचं काय घेतलं?

तर २०२३ च्या डिसेंबरात काका जेव्हा तिसऱ्यांदा 'आधी सांगाचं तं होतं' म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाले सांगतलं होतं का आपन?"

काकांनी ताट सरकवलं. म्हणाले, "मंग काय माही झाडं मरू द्यायची होती? दुष्काळ सांगून येते का?" आणि उठले. पुढचे दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. हिशेबसुद्धा नातवाच्या हातून आला.

काका चुकीचं बोलले नव्हते. विहीर त्यांची, पाणी थोडं, आधी आपलं घर. मीही तेच केलं असतं, नव्हे, केलंच होतं. पण मला राहून राहून वाटतं, मामांनी आपणहून संत्रा लावला असता आणि मग पाणी मागितलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. आपण त्यांना लावायला सांगितलं. सात वर्षं त्यांचं झाड आपल्या पाण्यावर वाढताना पाहिलं, त्याच्या मोबदल्यात त्यांची वाट वापरली. कापूस हा सहा महिन्यांचा सौदा असतो, संत्रा वीस वर्षांचा. एखाद्याला आपल्या भरवशावर झाड लावू दिल्यावर विहीर पूर्वीइतकी आपल्या एकट्याची राहते का? मामांनी एकदा मला सांगितलं होतं, त्यांनी रोजचं पाणी मागितलंच नसतं. "हप्त्यातून एक पाळी देल्ली असती ना, तरी अर्धी जगली असती. नाई तं एक महिना आधी सांगतलं असतं, मी टँकर पाहला असता, फळं तोडून टाकून झाडं वाचवली असती." पाण्यापेक्षा त्यांना त्या सकाळचंच जास्त लागलंय, पाट कोरडा पाहून मोटर बिघडली समजून ते आमच्या विहिरीवर दुरुस्तीला आले होते ते.

माणूस तोटा सोसत नाही असं नाही. पुन्हा त्या अमेरिकेच्या लढाईचंच पाहा. ज्या नाकेबंदीनं आमचा वाडा उभा राहिला तिनंच मँचेस्टरच्या गिरणी कामगारांची चूल विझवली. तरी १८६२ च्या शेवटच्या दिवशी तिथं सभा भरली आणि गुलामगिरी संपणार असेल तर आम्ही तुमच्या बाजूनं आहोत, असं पत्र त्या लोकांनी लिंकनला पाठवलं. लिंकननं जानेवारीत त्यांना उत्तरही लिहिलं. उपाशी माणसांना कारण पटलं होतं, आणि दार बंद करणाऱ्यानंही त्यांच्या उपासाची दखल घेतली. आमच्या खापरपणजाला ह्यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. त्याला फक्त भाव ठाऊक होता.

काका तसे विचार न करणारे नाहीत. ऐंशीच्या दशकात त्यांच्या सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असे. शरद जोशींची सभा असली की सायकलनं तीस-तीस मैल जात. डंकेल प्रस्तावावर देशातले कितीतरी शेतकरी पुढारी तुटून पडले होते तेव्हा जोशी उघडपणे त्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि काकाही पारावर तावातावानं सांगत की आम्हाला सूट नको, सबसिडी नको, फक्त दार उघडं ठेवा, जगाच्या बाजारात आम्ही पाहून घेऊ. मला ते पटायचं. अजूनही बरंचसं पटतं.

पण दार उघडल्यावर समोर कोण उभं होतं? २००१-०२ ला जगात कापसाचा भाव रसातळाला गेला, तेव्हा अमेरिकेतल्या पंचवीसेक हजार कापूसवाल्यांना त्यांचं सरकार वर्षाला तीनेक अब्ज डॉलर देत होतं. २००३ साली आफ्रिकेतले माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड हे चार गरीब देश जागतिक व्यापार संघटनेत जाऊन म्हणाले की आम्हाला मदत नको, तुमचं हे अनुदान तेवढं थांबवा. काकांचंच भाषण, फक्त फ्रेंचमध्ये. कानकूनची ती परिषद काही न ठरता मोडली. मी तेव्हा वर्गात नकाशावर माली दाखवला होता. एका पोरानं विचारलं, सर, तिथं पण सीतादही करतात का? पहिल्या वेचणीला आमच्याकडं पऱ्हाटीत दहीभात ठेवून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. त्या पोराला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण प्रश्न चांगला होता.

ब्राझीलची गोष्ट तर मी काकांना दोनदा सांगितली, तरी त्यांना खोटी वाटते. ब्राझीलनं २००२ ला त्याच संघटनेत अमेरिकेविरुद्ध कापसाच्या अनुदानाची तक्रार केली. खटला चालला, २००५ ला अपिलातही अमेरिका हरली. मग अमेरिकेनं काय करावं? आपल्या शेतकऱ्यांचं अनुदान पुरतं बंद करायचं सोडून २०१० पासून ब्राझीलच्या कापूसवाल्यांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि २०१४ ला आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला पैसे आणि ज्यानं तक्रार केली त्याच्याही शेतकऱ्याला पैसे. ब्राझील मोठा देश, अमेरिकेच्या मालावर उलटा कर लावण्याइतकी काठी त्याच्या हातात होती. काका दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "अन मालीले?" मालीच्या हातात काठी नव्हती. "मंग ते मामावानीच म्हना," असं म्हणून ते गप्प झाले. मामांचं नाव त्यांनी आपणहून काढलं ते तेव्हाच, एकदा.

आता २०२५ चं. त्या साली आम्ही चार एकरात पऱ्हाटी पेरली. पेरणी जूनमध्ये झाली. बाहेरून येणाऱ्या कापसावर तेव्हा ११ टक्के आयात शुल्क होतं आणि लांब धाग्याला ८११० रुपये हमीभाव जाहीर झालेला. त्या हिशेबानं काकांनी बियाणं घेतलं, खत घेतलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियाकडून तेल घेता म्हणून वर आणखी २५, असा ५० टक्के कर लावला. पहिली घोषणा झाली त्यापासून महिन्याच्या आत सगळं लागू. तिरुपूरकडं कापड शिवणारे कारखाने हवालदिल झाले, तिथं पोटाला आलेल्या हजारो पोरीबाळींचं काम धोक्यात आलं. त्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून दिल्लीनं १९ ऑगस्टपासून ते ११ टक्के शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात यायचा तेवढा काळ.

अमेरिकेनं कारखानदाराला पेरणीनंतर सांगितलं. कारखानदारासाठी दिल्लीनं आम्हाला पेरणीनंतर सांगितलं. ह्यात तिरुपूरच्या त्या पोरींचा काही दोष नाही. त्यांची चूल चालावी असं मलाही वाटतं, काकांनाही वाटतं. पण तो भार कोणीतरी थोडा थोडा वाटून घ्यायचा सोडून, ओघळत ओघळत जो सगळ्यात खालच्या अंगाला आहे त्याच्या वावरात येऊन थांबला.

त्या वर्षी पावसानं बोंडं सडवली, कापूस ओला. ओलाव्यामुळं आमचा माल हमीभावात बसला नाही, खासगी व्यापाऱ्याला हजार-बाराशे रुपये कमी घेऊन दिला. काका, एकेकाळचे लाल बिल्लेवाले काका, तालुक्याला आयात शुल्क पुन्हा लावा म्हणून निघालेल्या मोर्चात गेले. परत आल्यावर मी जरा चिडवलं, काय काका, दार उघडं ठेवायचं होतं ना? त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि म्हणाले, "उघडं ठेवा नाई तं बंद ठेवा. जे ठेवाचं ते पेरनीच्या आधी ठेवा. पेरल्यावर कायले बदलवता?"

मी काही बोललो नाही. दोन महिन्यांचा अबोला मला अजून आठवत होता. काकूनं चहा आणला. काका बशीत चहा ओतून बराच वेळ नुसती फुंकर घालत बसले.

ह्या पौषात मी गावी गेलो तेव्हा मामा आमच्या ओट्यावर बसलेले दिसले. किती वर्षांनी! त्यांचं बोअर आटत चाललंय, आठशे फुटांवरही पाण्याची धार पेन्सिलीएवढी. उरलेली साठ-सत्तर झाडं ह्या उन्हाळ्यात जगवायची तर आमच्या विहिरीशिवाय इलाज नाही, आणि आमचा संत्रा काढायचा तर त्यांच्या वाटेशिवाय. दोघांनाही हे कळत होतं, पण सुरुवात कोणी करायची. शेवटी मामाच म्हणाले, "वाट देतो. तार काढतो. पन पान्याचं लिहून दे."

काका एकदम ताठ झाले. "आपल्यात कवा कागद झाला का आजवर?"

"म्हनून तं," मामा म्हणाले.

"अन पानीच नाई रायलं हिरीत तं? कागदातून येईन काय?"

"नाई येनार. मले मालूम हाय." मामा माझ्याकडं पाहून बोलत होते, जणू कागद मीच लिहिणार होतो. "पानी नाई असं होईन तं होईन. तू एवढंच लिही का बंद कराच्या महिनाभर आधी मले येऊन सांगशीन. अन जे उरलं असंन त्यातली हप्त्याले एक पाळी."

काका उठून आत गेले. मला वाटलं, झालं, पुन्हा अबोला. पण ते नातवाच्या शाळेची वही घेऊन आले आणि माझ्यासमोर टाकली. पेन सापडेना. मामांच्या खिशात होतं. मी तारीख घातली, दोघांची नावं लिहिली, आणि पहिलं वाक्य कोणापासून सुरू करायचं म्हणून दोघांकडं पाहिलं. २०१९ च्या त्या फोनचं आता सांगावं, असं तेव्हा मनात आलं. पण काका लिहायची घाई करत होते, आणि मामा चष्मा विसरले म्हणून मोठ्यानं वाचून दाखव म्हणत होते.